टिमोलॉलचा थेंब डोळ्यातच थांबत नाही

काचबिंदूच्या रुग्णाला विचारा, "औषधं कोणती चालू आहेत?" तो रक्तदाबाची गोळी सांगेल, साखरेची सांगेल, ॲसिडिटीची कॅप्सूलही आठवून सांगेल. रोज सकाळ-संध्याकाळ डोळ्यात टाकतो ते ड्रॉप्स मात्र त्याच्या तोंडी क्वचित येतील. ते काय, नुसते ड्रॉप्स! डॉक्टरांचंही फार वेगळं नसतं. फॅमिली डॉक्टरांच्या केसपेपरवर डोळ्याच्या थेंबांची नोंद शोधावी लागते आणि नेत्रतज्ज्ञाच्या फाइलमध्ये छातीचा नि हृदयाचा इतिहास एका ओळीत उरकलेला असतो. टिमोलॉलसारख्या बीटा-ब्लॉकर ड्रॉप्सचा बराचसा धोका या दोन कागदांच्या मधल्या फटीत आहे. औषध जुनं आहे, स्वस्त आहे, उपयोगी आहे. त्याचे दुष्परिणाम चाळीस वर्षांपासून पुस्तकांत छापलेले आहेत. तरीही जो घोटाळा होतो तो औषधशास्त्र माहीत नसल्यामुळे होत नाही, थेंबाला कोणी औषधात मोजत नाही म्हणून होतो.

आधी आजाराविषयी थोडं. मोतीबिंदूत डोळ्याचं भिंग गढूळ होतं आणि शस्त्रक्रिया केली की दिसायला लागतं. काचबिंदूत मेंदूकडे दृष्टी नेणारी नस झिजते, बहुतेकदा डोळ्यातल्या द्रवाचा दाब तिला न पेलल्यामुळे, आणि गेलेली दृष्टी कोणत्याही शस्त्रक्रियेने परत येत नाही. नजर कडेकडेने जाते, मधली शेवटपर्यंत टिकते, म्हणून रुग्णाला पत्ता लागत नाही. भारतात चाळिशीच्या पुढच्या सुमारे १ कोटी १२ लाख लोकांना काचबिंदू असावा, असा अंदाज २०१० साली मांडला गेला. चेन्नई आणि आंध्र प्रदेशातल्या पाहण्यांत असंही दिसलं की ज्यांना काचबिंदू निघाला त्यांतल्या दहापैकी नऊहून अधिक जणांना तो असल्याचं माहीतच नव्हतं. ज्यांना माहीत असतं त्यांच्या हाती जी बाटली पडते, ती पुष्कळदा टिमोलॉलची असते.

दाब कमी केल्याने खरोखर फायदा होतो का, हा प्रश्न एके काळी वादाचा होता. स्वीडनमधल्या माल्मो आणि हेल्सिंगबोर्ग इथे २५५ रुग्णांवर एक चाचणी झाली आणि २००२ साली तिचे निष्कर्ष आले. निम्म्या रुग्णांना बीटाक्सोलॉल हे बीटा-ब्लॉकर ड्रॉप्स आणि लेझर असे उपचार दिले, उरलेल्यांना काहीच दिलं नाही, फक्त बारकाईने लक्ष ठेवलं. उपचार घेतलेल्यांचा दाब सरासरी २५ टक्के उतरला. साधारण सहा वर्षांत उपचार न घेतलेल्यांपैकी ६२ टक्क्यांचा आजार पुढे सरकला, उपचार घेतलेल्यांपैकी ४५ टक्क्यांचा. या आकड्यांकडे दोन्ही बाजूंनी पाहायला हवं. उपचाराने फरक पडतो हे खरं. उपचार करूनही जवळजवळ निम्म्यांचा आजार वाढला, हेही खरं. पुढे जे धोके सांगणार आहे ते वाचून कोणी बाटली फेकून देणार असेल, तर त्याने आधी हे आकडे पुन्हा वाचावेत.

बीटा-ब्लॉकर औषधांची सुरुवात हृदयापासून झाली. जेम्स ब्लॅक या स्कॉटिश शास्त्रज्ञाने साठच्या दशकात ब्रिटनच्या आयसीआय कंपनीत प्रोप्रॅनोलॉल तयार केलं, ते अंजायनाच्या रुग्णांसाठी. त्याबद्दल १९८८ साली त्याला नोबेल मिळालं. १९६७ मध्ये असं नोंदवलं गेलं की शिरेतून दिलेल्या प्रोप्रॅनोलॉलने काचबिंदूच्या रुग्णांचा डोळ्यातला दाबही उतरतो. मग ते सरळ डोळ्यातच टाकायला काय हरकत होती? हरकत अशी की त्याने डोळ्याचा समोरचा पारदर्शक पडदा, म्हणजे पारपटल, बधिर व्हायचं. बधिर डोळ्यात कचरा गेला तरी कळत नाही. त्याच कुळातलं प्रॅक्टोलॉल तर पोटातून घेणाऱ्यांचे डोळे कोरडे पाडून पारपटलाचीच नासाडी करू लागलं आणि सत्तरच्या दशकाच्या मध्यावर ते सर्वसाधारण वापरातून काढावं लागलं. टिमोलॉल या दोन्ही खोड्यांतून सुटलं. १९७८ साली अमेरिकेत त्याच्या ड्रॉप्सना मंजुरी मिळाली आणि काचबिंदूचा उपचार रातोरात सोपा झाला.

तो किती सोपा झाला हे आज समजणार नाही. त्याआधी पिलोकार्पिन होतं, दिवसातून चार वेळा. त्याने बाहुली आकसायची, कपाळ ठणकायचं, संध्याकाळी घरात दिवा लावला तरी अंधारल्यासारखं वाटायचं. ॲड्रेनलिनच्या थेंबांनी डोळे लाल व्हायचे. ॲसिटाझोलामाइडच्या गोळ्यांनी बोटांना मुंग्या यायच्या, कुणाला मूतखडे व्हायचे. टिमोलॉल दिवसातून दोनदा, बाहुलीला धक्का नाही, नजर धूसर नाही, दाब २० ते ३० टक्के खाली. डॉक्टर आणि रुग्ण दोघंही खूश झाले आणि या खुशीतच छातीचा प्रश्न विचारायचा राहून गेला. १९७८ ते १९८५ या काळात अमेरिकेत टिमोलॉलच्या ड्रॉप्सशी जोडलेल्या श्वसनाच्या आणि हृदयाच्या गंभीर घटनांच्या ४५० नोंदी जमा झाल्या, शिवाय ३२ मृत्यूंच्या. अशा आपणहून कळवलेल्या नोंदींवरून प्रत्येक घटना त्या थेंबामुळेच घडली असं सिद्ध होत नाही. पण डोळ्यातला थेंब फुप्फुसापर्यंत आणि हृदयापर्यंत पोहोचतो, याविषयी शंका उरली नाही.

तो पोहोचतो कसा, हे एकदा समजलं की सुरक्षित वापराचे अर्धे नियम पाठ करावे लागत नाहीत. डोळ्यात एरवी सात मायक्रोलिटर अश्रू असतात. पापणी खाली ओढून जागा केली तरी तिथे तीसेक मायक्रोलिटरपेक्षा जास्त काही मावत नाही. बाटलीतून पडणारा थेंब ३० ते ५० मायक्रोलिटरचा असतो. म्हणजे थेंब पडताक्षणीच जास्त झालेला असतो. थोडा गालावर ओघळतो, उरलेल्यातला बराच भाग पापणी मिटली की नाकाकडच्या कोपऱ्यातल्या बारीक छिद्रांतून अश्रुनलिकेत आणि तिथून नाकात उतरतो. ड्रॉप्स टाकल्यावर घशाशी कडू लागतं ते म्हणूनच. नाकाच्या आतल्या त्वचेला रक्तपुरवठा भरपूर असतो, औषध तिथून थेट रक्तात जातं. गोळी गिळली की ती आधी यकृतातून जाते आणि यकृत तिच्यातला बराच भाग निकामी करतं. नाकातून शोषलेल्या टिमोलॉलला हा पहिला अडसर लागतच नाही. टाकलेल्या थेंबातलं ८० टक्क्यांपर्यंत औषध अशा तऱ्हेने अंगात भिनू शकतं, आणि डोळ्याच्या आत ज्या ठिकाणी त्याचं काम असतं तिथे अगदी थोडं जातं.

याचा पुरावा दुसऱ्या डोळ्यात मिळतो. एकाच डोळ्यात ड्रॉप्स टाकले तर न टाकलेल्या डोळ्याचाही दाब किंचित उतरतो, सरासरी दीड मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास. औषध रक्तातून फिरून तिकडे पोहोचल्याशिवाय हे होणार नाही. नेत्रतज्ज्ञांना याचा वेगळाच त्रास होतो. एका डोळ्यात औषध टाकून दुसऱ्याशी तुलना करायची त्यांची जुनी पद्धत या गटाच्या बाबतीत फसवी ठरते.

सगळ्यांत मोठा धोका फुप्फुसांना. श्वासनलिका मोकळ्या ठेवायचं काम बीटा-२ ग्राहक (रिसेप्टर) करतात. टिमोलॉल बीटा-१ आणि बीटा-२ दोन्ही अडवतं. निरोगी माणसाला ते जाणवत नाही. दमेकऱ्याच्या श्वासनलिका मात्र आवळतात, आणि पंचाईत अशी की घरात ठेवलेला सालब्युटामॉलचा पंप याच बीटा-२ ग्राहकांवर चालतो, ते तर आधीच अडवलेले. म्हणून दमा, पूर्वी कधी झालेला दमा आणि तीव्र सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार) या तिन्हींत टिमोलॉल वर्ज्य मानलं आहे. "पूर्वी कधी" हे शब्द महत्त्वाचे आहेत. वीस वर्षांत एकदाही दम्याचा झटका आला नाही म्हणून हरकत नाही, असं नाही.

यात एक खास आपल्याकडची अडचण आहे. दमा हा शब्द घराघरांत टाळला जातो, विशेषतः मुलीच्या बाबतीत, कारण लग्न जमायचं असतं. डॉक्टरही सांभाळून बोलतात. लहानपणी तो बाळदमा असतो, मोठेपणी ॲलर्जिक ब्रॉन्कायटिस, त्यानंतर नुसतं "छाती भरते". साठाव्या वर्षी काचबिंदूसाठी डोळे दाखवायला आलेल्या बाईला "दमा आहे का?" असं विचारलं तर ती खोटं न बोलता "नाही" म्हणते. ओपीडीतला संवाद असा होतो:

"आजी, दम्याचा त्रास?"
"नाही हो."
"जिना चढताना धाप लागते का?"
"ती लागणारच की, वय झालं आता."
"पंप ओढता कधी?"
"थंडीत तेवढा. एरवी नाही."

पहिल्या उत्तरावर थांबलं असतं तर टिमोलॉल लिहून गेलं असतं. तिसऱ्या उत्तराने ते खोडावं लागतं. आणखी एक विचारायचा प्रश्न चुलीचा. सीओपीडी म्हटलं की विडी-सिगारेट डोळ्यांपुढे येते आणि न ओढणाऱ्या बाईला कोणी त्याबद्दल विचारत नाही. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि ब्रिटनचे पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीवर लेख लिहून चुलीच्या धुराकडे जगाचं लक्ष वेधलं. ज्या बाईने तीस-चाळीस वर्षं लाकडं आणि गोवऱ्या जाळून भाकऱ्या थापल्या, तिची फुप्फुसं कागदावर निर्व्यसनी असली तरी धुराने खंगलेली असू शकतात. काचबिंदू ज्या वयात निघतो त्याच वयात ही खंगलेली छाती बोलायला लागते. माझ्या मते खेड्यातून आलेल्या प्रत्येक वयस्क बाईला टिमोलॉल देण्याआधी चुलीविषयी विचारलंच पाहिजे, आणि शंका आली तर स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून करायची श्वासाची तपासणी, करून घ्यावी. त्याला वेळही फार लागत नाही.

ज्यांना आधी काहीच त्रास नव्हता त्यांचं काय? ब्रिटनमधल्या एका मोठ्या पाहणीत, जी २००२ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आली, छातीचा पूर्वेतिहास नसलेले वयस्क रुग्ण घेतले होते. बीटा-ब्लॉकर ड्रॉप्स सुरू केलेल्या दर ५५ जणांमागे एकाला वर्षभरात श्वासनलिकांच्या आजाराचे नवे उपचार सुरू करावे लागले, ड्रॉप्स न घेणाऱ्यांच्या तुलनेत जास्तीचे. पंचावन्नात एक हा आकडा घाबरण्यासारखा नाही, पण दुर्लक्ष करण्यासारखाही नाही. यातला खरा त्रास असा असतो की सहा महिन्यांनी धाप लागायला लागलेला माणूस छातीच्या डॉक्टरकडे जातो, तिथे पंप सुरू होतो, पंपाने भागत नाही म्हणून स्टेरॉइड वाढतं, आणि ड्रॉप्सची बाटली देवघराशेजारच्या कोनाड्यात तशीच असते. कोणी विचारलं नाही, कोणी सांगितलं नाही.

हृदयाच्या बाबतीत नाडी हा पहिला पुरावा. टिमोलॉल नाडी मंद करतं. ज्यांची नाडी आधीच फार मंद आहे, ज्यांच्या ईसीजीत दुसऱ्या किंवा तिसऱ्या दर्जाचा हार्ट ब्लॉक आहे, ज्यांचं हृदय काम करायला कमी पडतं आणि ते आटोक्यात नाही, त्यांना हे ड्रॉप्स चालत नाहीत. इथे घरच्या घरी करण्यासारखी एक गोष्ट आहे. आता पुष्कळ घरांत रक्तदाबाचं डिजिटल यंत्र असतं. त्यावर वरचा आकडा आणि खालचा आकडा सगळे वाचतात, तिसऱ्या ओळीतला नाडीचा आकडा कोणी वाचत नाही. ड्रॉप्स सुरू करण्याआधी चार-पाच दिवस आणि सुरू केल्यावर पहिले दोन आठवडे तो लिहून ठेवावा. तो पन्नासच्या खाली उतरला, किंवा उठताना डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली, तर "उन्हामुळे असेल" म्हणून सोडून देऊ नये. म्हाताऱ्या माणसाला एकदा चक्कर आली की खुब्याचं हाड मोडतं आणि मग डोळ्याचा प्रश्न बाजूलाच राहतो.

हृदयावर परिणाम करणाऱ्या इतर गोळ्या चालू असतील तर हिशेब आणखी बिघडतो. व्हेरापामिल आणि डिल्टियाझेम या गोळ्याही हृदयाची गती मंदावतात, डिगॉक्सिनही. शिवाय आपल्याकडे रक्तदाबासाठी ॲटेनोलॉल आणि मेटोप्रोलॉल सर्रास दिलं जातं, आणि ते टिमोलॉलचे सख्खे भाऊ आहेत. अशा रुग्णाच्या डोळ्यात टिमोलॉल टाकलं तर धोक्यात भर पडते आणि फायदा मात्र कमी मिळतो, कारण गोळीनेच दाब थोडा उतरवलेला असतो. हे दोन्ही एकत्र लिहिण्याआधी नेत्रतज्ज्ञाने विचार केला पाहिजे, पण त्यासाठी त्याला गोळी माहीत हवी. मानसिक आजारांवरच्या काही गोळ्या, म्हणजे फ्लुओक्सेटिन आणि पॅरोक्सेटिन, यकृतातला जो रासायनिक पदार्थ टिमोलॉल मोडतो त्याला रोखून धरतात. त्यामुळे तेवढ्याच थेंबाचा परिणाम जास्त होतो. हे फार कमी लोकांच्या लक्षात राहतं.

बाकीचे धोके थोडक्यात. मधुमेहींमध्ये साखर एकाएकी उतरली की छाती धडधडते, हात थरथरतात. टिमोलॉल ही सूचना दाबून टाकतं. घाम मात्र सुटतो, तेवढ्या खुणेवर भिस्त ठेवावी लागते. थायरॉइड वाढल्याची लक्षणंही झाकली जातात. मायस्थेनिया ग्रॅव्हिस या स्नायूंच्या आजारात अशक्तपणा वाढतो. ॲलर्जीचा जबर झटका आलाच तर जीव वाचवणाऱ्या ॲड्रेनलिनचा असर कमी पडू शकतो. थकवा, वाईट स्वप्नं, लैंगिक इच्छा कमी होणं अशा तक्रारी रुग्ण करतात. नैराश्याचा संबंध मोठ्या अभ्यासांत ठामपणे दिसलेला नाही, तरी रुग्ण सांगत असेल तर ऐकून घ्यावं, औषध बदलून पाहण्यात तोटा नाही. तान्ह्या बाळांच्या बाबतीत मात्र हयगय नको. त्यांच्या छोट्या अंगात तोच थेंब फार मोठा ठरतो आणि श्वास थांबल्याच्या नोंदी आहेत. स्तनपान देणाऱ्या आईच्या दुधातही टिमोलॉल उतरतं.

आता एका अशा गोष्टीकडे, जिच्यामुळे माहितगार माणूसही फसतो. टिमोलॉल आज बऱ्याचदा एकटं येत नाही. कोसोप्टमध्ये ते डॉर्झोलामाइडबरोबर असतं, कॉम्बिगॅनमध्ये ब्रिमोनिडिनबरोबर, झॅलाकॉममध्ये लॅटानोप्रॉस्टबरोबर, गॅनफोर्टमध्ये बिमाटोप्रॉस्टबरोबर, ड्युओट्रॅव्हमध्ये ट्रॅव्होप्रॉस्टबरोबर. नावावरून टिमोलॉलचा सुगावा लागत नाही. दोन बाटल्यांऐवजी एक, म्हणून रुग्णाला सोय आणि खर्चात बचत, त्यामुळे अशा जोड्या चांगल्याच म्हणायच्या. पण "टिमोलॉल आजीला चालत नाही" असं एकदा फाइलवर लिहून ठेवलेलं असताना पुढच्या भेटीत नवा डॉक्टर जोडीचं औषध लिहून जातो, तेव्हा ते मागच्या दाराने परत येतं. उलटही होतं. जुनी टिमोलॉलची बाटली संपलेली नसते आणि जोडीचं औषध सुरू होतं, दोन्ही टाकले जातात. अमेरिकेत बीटा-ब्लॉकर ड्रॉप्सना पिवळं टोपण द्यायचा संकेत आहे. आपल्याकडे टोपणाच्या रंगावर विसंबू नये, बाटलीवरचं बारीक अक्षरातलं "टिमोलॉल मॅलिएट" वाचावं. ज्याला काचबिंदू आहे त्याला ते अक्षर दिसेलच असं नाही, तेव्हा घरातल्या कुणीतरी वाचावं. दुकानात केमिस्टनेही तीन वर्षांपूर्वीच्या चिठ्ठीवर बाटल्या देत राहू नये, पण तो देतो हे सगळ्यांना ठाऊक आहे.

थेंब टाकायची रीत ही सुरक्षिततेची सर्वांत स्वस्त बाजू आहे आणि ती शिकवायला कोणाला वेळ नसतो. हात धुवावेत. आडवं व्हावं किंवा खुर्चीत मान मागे टाकावी. खालची पापणी एका बोटाने ओढून खिशासारखी जागा करावी, नजर छताकडे ठेवावी, आणि बाटलीचं टोक डोळ्याला किंवा पापणीच्या केसांना न लावता एकच थेंब सोडावा. थेंब पडला की डोळा हळूच मिटावा. घट्ट आवळू नये, उघडझाप करू नये, कारण पापणीच्या प्रत्येक उघडझापीबरोबर औषध नाकाकडे ढकललं जातं. मग नाकाच्या मुळाशी, जिथे चष्म्याचा आधार टेकतो त्याच्या थोडं खाली, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर तर्जनी दाबून धरावी. तिथे त्वचेखाली बारीक हाड लागतं, त्यावर दाब यायला हवा. दोन-तीन मिनिटं तरी, जमल्यास पाच. गालावर आलेला ओघळ पुसून टाकावा. १९८४ साली झालेल्या एका प्रयोगात असा कोपरा पाच मिनिटं दाबल्याने, किंवा नुसता डोळा मिटून ठेवल्यानेही, अंगात शोषलं जाणारं औषध ६० टक्क्यांहून जास्त कमी झालं. पैसे लागत नाहीत, यंत्र लागत नाही, आणि डोळ्यात औषध जास्त वेळ राहिल्याने कामही चांगलं होतं.

"एक थेंब पडला की नाही कळलं नाही म्हणून आणखी दोन टाकले" हे वाक्य कोणत्याही काचबिंदू क्लिनिकमध्ये रोज ऐकू येतं. पहिला थेंब गालावर पडला असेल तर दुसरा टाकायला हरकत नाही, पण डोळ्यात ओलं वाटलं असेल तर पुरे. दुसरं औषध असेल तर मध्ये पाच मिनिटांचं अंतर हवं, नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला वाहून नेतो. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्याने थेंबानंतर पंधरा मिनिटं थांबावं. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर पेनाने लिहावी आणि महिन्याने उरलेलं टाकून द्यावं.

रात्रीच्या थेंबाबद्दल मला थोडं जास्त बोलायचं आहे, कारण दिवसातून दोनदा ही सवय आपल्याकडे कागदावरून हलत नाही. डोळ्यातला द्रव दिवसा मिनिटाला सुमारे अडीच मायक्रोलिटर तयार होतो. झोपेत ती निर्मिती आपोआप निम्म्यावर येते. टिमोलॉल नेमकी हीच निर्मिती कमी करतं, म्हणून रात्री त्याला करायला फारसं काम उरत नाही, हे १९८५ मध्येच दिसून आलं. उलट रात्री रक्तदाब एरवीच उतरलेला असतो, तो ड्रॉप्समुळे आणखी उतरू शकतो, आणि त्यामुळे नसेला मिळणारं रक्त कमी होऊ शकतं. आयोवा विद्यापीठातले मूळचे भारतीय नेत्रतज्ज्ञ सोहनसिंग हायरे यांनी १९९९ साली बीटा-ब्लॉकर ड्रॉप्स घेणाऱ्यांच्या रात्रीच्या रक्तदाबाचा अभ्यास करून हा धोका पुढे आणला. त्यांच्या निष्कर्षांवर मतभेद आहेत. तरीही फायदा कमी आणि शंका जास्त असेल तिथे संध्याकाळचा थेंब कशासाठी टाकायचा? अनेकांचं सकाळी एकदा टाकून भागतं. हा बदल स्वतः करू नये, पण डॉक्टरांना विचारायला काहीच हरकत नाही. ०.५ टक्के की ०.२५, हाही असाच विचारण्याजोगा प्रश्न. गडद डोळ्यांतल्या रंगद्रव्याला टिमोलॉल चिकटून राहतं म्हणून आपल्याकडे ०.५ लिहायची रीत पडली, मात्र काहींचं ०.२५ वरही छान चालतं.

मग हे औषध सोडूनच का द्यायचं नाही? श्रीमंत देशांत ते बरंच मागे पडलं आहे. १९९६ साली लॅटानोप्रॉस्ट अमेरिकेत आलं. रात्री एक थेंब, दाबात टिमोलॉलइतकी किंवा जास्त घट, छाती आणि हृदयाला जवळजवळ धक्का नाही. पापण्यांचे केस वाढतात, डोळे थोडे लाल होतात, पण तेवढं सोसवतं. बीटाक्सोलॉल हे बीटा-१ वर जास्त काम करणारं, छातीला कमी त्रासदायक, म्हणून १९८५ पासून उपलब्ध आहे. त्याने दाब थोडा कमी उतरतो आणि दमेकऱ्याला तेही निर्धास्तपणे देता येत नाही. लेझरचा पर्यायही पुढे आला आहे. लंडनच्या एका मोठ्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २०१९ साली आले, ज्यांना आधी लेझर केलं त्यांतल्या ७४ टक्क्यांना तीन वर्षांनी एकही थेंब लागत नव्हता. ब्रिटनने त्यानंतर २०२२ मध्ये आपली मार्गदर्शक तत्त्वं बदलली.

पण ते लेझर यंत्र तालुक्याच्या गावी नाही. लॅटानोप्रॉस्टची बंद बाटली २ ते ८ अंशांत ठेवावी लागते आणि विदर्भातल्या मे महिन्यात लोडशेडिंग असलेल्या दुकानात ती कशी राहत असेल याची कल्पनाच करावी. टिमोलॉल महाग नाही, फ्रिज मागत नाही, जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. महागडं औषध दोन महिने घेऊन सोडून देणाऱ्यापेक्षा स्वस्त औषध वीस वर्षं नियमित घेणाऱ्याची दृष्टी जास्त टिकते. म्हणून छाती-हृदय ठीक असलेल्या माणसाला टिमोलॉल देण्यात मला काही कमीपणा वाटत नाही. उरलेल्यांना ते देऊ नये, एवढंच. आणि बंद कोनाचा काचबिंदू असेल, जो आपल्या देशात बराच आढळतो, तर लेझरने वाट मोकळी न करता नुसती बाटली देऊन पाठवणं हे टिमोलॉलच्या दुष्परिणामांपेक्षा मोठं नुकसान आहे. त्यासाठी गोनिओस्कोपी करून कोन पाहिलेला असावा लागतो.

औषध सुरू असताना शिट्टीसारखा आवाज करत श्वास चालू लागला, झोपल्यावर धाप लागली, नाडी फार मंदावली किंवा शुद्ध हरपली, तर पुढचा थेंब टाकू नये आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा, जाताना बाटली बरोबर न्यावी. शस्त्रक्रिया ठरली असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही ती दाखवावी. अशी घटना घडली तर ती कळवायची सोय आहे. भारताचा औषध-दक्षता कार्यक्रम २०१० पासून चालतो, त्याचं राष्ट्रीय केंद्र गाझियाबादला आहे आणि १८००-१८०-३०२४ या टोल-फ्री क्रमांकावर रुग्णही आपल्या तक्रारी नोंदवू शकतात. डोळ्याच्या ड्रॉप्समुळे धाप लागली असं कळवणारे फारसे नसावेत, कारण त्या दोन गोष्टींचा संबंध असतो हेच मुळात माहीत नसतं.

इतर किरकोळ तक्रारींसाठी मात्र स्वतःच्या मनाने औषध बंद करू नये. थेंब थांबवला की दाब हळूहळू वर चढतो, आणि हा हळूहळूपणाच फसवतो. टिमोलॉलचा परिणाम दोन ते चार आठवडे रेंगाळतो. औषध सोडल्यावर चौथ्या दिवशी दाब मोजला आणि तो ठीक निघाला तर रुग्णाला वाटतं, औषधाची गरजच नव्हती. डॉक्टरने त्याजागी नवं औषध दिलं असेल तर त्यालाही वाटतं, नवं औषध छान चाललं आहे. बदल केल्यावर खरा दाब मोजायचा तो महिन्याभराने, आणि ती तारीख निघतानाच ओपीडीच्या कागदावर लिहून घ्यावी.